सहकुटुंब, सहपरिवार, मत्स्यबीज केंद्रात

पावसाळा लागला की आपल्याकडच्या शहरी माणसाला पाणी बघायची हौस येते. स्वतःच्या गच्चीतून गळणारं पाणी त्याला चालत नाही. ते पांढरंशुभ्र, उंचावरून पडणारं आणि दुसऱ्या तालुक्यातलं लागतं. मग भुशी डॅमच्या पायऱ्यांवर तो अशा गर्दीत बसतो, की अंगावर येतंय ते पाणी धरणाचं आहे की वरच्या पायरीवरच्या मित्रमंडळाची आंघोळ होऊन उरलेलं, हे विचारायची सोय राहत नाही. ताम्हिणीत धबधब्यापेक्षा गाड्यांची रांग लांब असते. एवढं करून घरी आल्यावर शेजारी विचारतात, "कसं होतं?" त्यावर "मस्त!" म्हणायची पद्धत आहे.

अशा परिस्थितीत सहकुटुंब जाण्याजोगं ठिकाण म्हणून मी सरकारी मत्स्यबीज केंद्राचं नाव सुचवतो. गर्दी नाही. सेल्फी काढणारे नाहीत. गाडी लावायला एकरभर जागा. बघण्यासारखं म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही, आणि म्हणून विचारण्यासारखं फार आहे. आमच्या घरातल्या माणसांना दृश्य फारसं लागत नाही. प्रश्न विचारायला एखादा सज्जन माणूस सापडला की त्यांचा दिवस सोन्याचा होतो.

आम्ही तिथे पोचलो ते दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. फलटणकडे शेती करतात. शेतात 30 बाय 30 मीटरचं शेततळं आहे, खाली प्लास्टिकचं अस्तर, भोवती तारेचं कुंपण. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, दाजींनी मागितलं आणि त्यांना मिळालं. पाणी डाळिंबासाठी आहे. पण नुसतं पाणी साठवून ठेवणं दाजींच्या स्वभावात बसत नाही. रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी लावल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांच्या बांधावर तूर असते आणि तुरीच्या मध्ये भेंडी असते. तेव्हा तळ्यात मासे सोडायचे ठरले. माशाला बी लागतं, बी सरकारी केंद्रात मिळतं आणि सरकारी केंद्र बहुतेक वेळा धरणाच्या पायथ्याशी असतं. 'धरण' एवढा एकच शब्द ऐकून आमच्या घरातले सगळे गाडीत जाऊन बसले.

सगळे म्हणजे मी, बायको, दोन मुलं आणि आई.

आई मूळची रत्नागिरीची, ही माहिती पुढच्या घटनाक्रमासाठी आवश्यक आहे. तिच्या लेखी जगात मासे दोन प्रकारचे असतात: समुद्रातले, आणि मासे नसलेले. पापलेट, सरंगा, बांगडा, सौंदाळे यांच्याबद्दल ती ज्या आपुलकीने बोलते तेवढ्या आपुलकीने नातेवाइकांबद्दल बोलत नाही. 2023 मध्ये राज्य सरकारने पापलेटला 'राज्यमासा' म्हणून जाहीर केलं, तेव्हा तिने बातमी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "एवढा वेळ लावला?" गोड्या पाण्यातल्या माशाला तिचा एकच शब्द आहे: मातकट.

पण हे मत एकीकडे आणि मासे पाळू बघणारा जावई दुसरीकडे. आमच्याकडे जावयाच्या म्हशीलासुद्धा नावं ठेवायची पद्धत नाही. त्यामुळे रोहू-कटल्याबद्दलचं आयुष्यभराचं मत आई पदराला बांधून आली होती. ती गाठ सुटू नये म्हणून दिवसभर तिची जी धडपड चालली होती, ती माझ्या मते सहलीतली सर्वांत प्रेक्षणीय गोष्ट.

बायको शाकाहारी. लग्नानंतर तिचा आणि बांगड्याचा एक तह झालेला आहे: तो तिच्या तव्याला शिवणार नाही आणि ती त्याच्याविषयी बोलणार नाही. मुलांची समजूत अशी झाली होती, की आपण मत्स्यालयात चाललोय. यात थोडा माझा हात होता. मी लहानपणी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेलं, ते 1951 साली उघडलं होतं. तिथल्या निळ्या दिव्यांचं वर्णन मी गाडीत जरा रंगवून केलं. काचेपुढे उभे राहणारे मुंबईकर मात्र माशाचे रंग बघत नसत, तुकडे किती पडतील ते बघत. हा भाग मी बायकोकडे पाहून गाळला.

आषाढातला शेवटचा रविवार होता. म्हणजे समुद्रातली मासेमारी 1 जूनपासून बंद, 31 जुलैनंतर बोटी सुटणार, तोवर श्रावण लागणार. खाणाऱ्यांच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत हळवा काळ. रविवारी सरकारी केंद्रात कोण असणार, ही माझी शंका दाजींनी उडवून लावली. "माशाला रविवार कळत न्हाय," ते म्हणाले. "हंगामात तिथं रात्रीबी माणूस असतो."

फाटकावर पाटी होती: 'विनापरवानगी प्रवेश नाही. मासे पकडण्यास सक्त मनाई.' आत गेल्यावर कळलं की दुसरं वाक्य लिहायची गरज नव्हती. समोर चौकोनी तळी, तपकिरी पाणी, वर ताणलेल्या दोऱ्या. बाकी काही नाही. हिरव्या रेनकोटातले एक गृहस्थ हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन बांधावरून फिरत होते. केंद्रातले सगळे त्यांना मामा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो.

"मासे कुठे आहेत?" मुलाने विचारलं.

"पाण्यात."

"दिसत नाहीत."

"दिसले तर बगळ्यालाबी दिसतील," मामा म्हणाले आणि डबा बडवला. पलीकडच्या बांधावरून दोन बगळे आणि एक पाणकावळा नाइलाजाने उठले. तारेवरचा खंड्या मात्र बसून राहिला. सगळ्या केंद्रात खरी सहल त्या खंड्याची चालली होती.

त्या तपकिरी पाण्यात इंचभर लांबीची काही लाख पिल्लं होती, हे आम्हाला मामांच्या शब्दावर मान्य करावं लागलं. तळं तयार कसं करतात ते त्यांनी सांगितलं. आधी तळ्यात शेण आणि भुईमुगाची पेंड टाकतात. त्याने पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, तेच पिल्लांचं पहिलं जेवण. मग तेल आणि साबण एकत्र करून पाण्यावर पसरतात, कारण पाण्यातले किडे पिल्लांना खातात आणि तेलाचा तवंग आला की त्या किड्यांना श्वास घेता येत नाही. पुढे पिल्लांना भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा, सम प्रमाणात.

"म्हणजे लहानपणी शाकाहारीच," बायको पटकन म्हणाली. मामांनी डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा मध्ये आणले नाहीत. मोठा समंजस माणूस.

तिथून आम्ही पत्र्याच्या शेडकडे निघालो. दारावर रंगाने लिहिलं होतं, 'चायनीज हॅचरी'. आपल्या राज्यात 'चायनीज' ही अक्षरं लाल रंगात दिसली की मुलांची पावलं आपोआप वळतात. मुलगी धावत आत गेली आणि तितक्याच वेगाने बाहेर आली. "इथे नुसत्या टाक्या आहेत," ती म्हणाली. मंचुरियनची आशा सोडायला तिला बराच वेळ लागला.

पण टाक्या बघण्यासारख्या होत्या. सहलीत बघण्यासारखं काही असलंच तर तेच. गोल सिमेंटचे हौद, तळाशी तिरपे बसवलेले चपट्या तोंडाचे नळ, आणि त्यांतून येणाऱ्या पाण्याने सगळा हौद संथपणे गोल फिरत राहिलेला. नदीत रोहूची अंडी पुराच्या पाण्यासोबत वाहत जातात, म्हणून इथे हौदातच नदी गोल गोल फिरवतात. मामांनी पांढऱ्या बशीत थोडं पाणी काढून आमच्यासमोर धरलं. त्यात साबुदाण्याएवढे पारदर्शक मणी होते. पहाटेची अंडी. प्रत्येक मण्याच्या आत एक बारीकसा स्वल्पविराम होता. आम्ही बशीवर डोकी घातली. एक स्वल्पविराम झटकन हलला, मग दुसरा. मुलाने पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला.

"हे पांढरे का?" बायकोने विचारलं. मधूनमधून दुधी रंगाचे मणी होते.

"ते वाया. फळलं ते काचेगत राहतं, न फळलेलं पांढरं पडतं."

"आणि पाणी थांबलं तर?"

"सगळं तळाला बसतंय अन् मरतंय."

"लाइट गेली की?"

"लाइट जाईल. धरण कुठं जातंय?" मामांनी मागे हात केला. वरच्या टाकीत धरणाचं पाणी उताराने येतं, पंपाची वाट बघावी लागत नाही. असली केंद्रं धरणाच्या पायथ्याशी का बांधतात, हे एका वाक्यात कळलं.

चौदा ते अठरा तासांत अंडं फुटतं. पुढचे तीन दिवस पिल्लू पोटाला लागलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतं. ती संपली की त्याला बाहेरचं अन्न लागतं आणि सरकारदरबारी त्याला नाव मिळतं: मत्स्यजिरे. इंचभर झालं की मत्स्यबीज, बोटाएवढं झालं की बोटुकली. शेजारच्या हौदातलं जिरं मामांनी ओंजळीत घेऊन दाखवलं. पाण्यात दोन काळे ठिपके पळताना दिसले की ते एक पिल्लू समजायचं. बाकीचं शरीर गृहीत धरायचं.

कचेरीच्या भिंतीवर दरपत्रक होतं. जिऱ्याचा भाव दर लाखाला, बियाचा दर हजाराला. इतक्या मोठ्या आकड्यांत व्यवहार करायची आमच्या घरातल्या कुणालाही सवय नाही. आई मासे नगावर घेते. फार तर वाट्यावर.

"एक मासोळी किती अंडी घालते हो?" तिने विचारलं.

"दीड किलोची रोहू असली तर तीन लाख धरून चाला."

आईने हिशेब केला. चेहरा कठीण झाला. "मग बाजारात भाव का उतरत नाही?"

मामांकडे याचंही उत्तर होतं. लाखभर जिऱ्यातून तीस-चाळीस हजार बी हाताला लागलं तरी साहेब खूश असतात. बाकीचं किडे, बेडूक, ऊन, पाऊस, बगळा आणि तो खंड्या यांच्यात वाटलं जातं. बियाची बोटुकली होईपर्यंत पुन्हा तिसरा हिस्सा जातो. हे ऐकून बायकोचा चेहरा उतरला, आणि तिथून पुढे ती प्रत्येक हौदाजवळ थोडी जास्त वेळ थांबू लागली. खंड्याकडे मात्र तिने नंतर दिवसभर पाहिलं नाही.

दुपारी शेडखाली डबे उघडले. आमच्या डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. मामांना आग्रह झाला. त्यांनी स्वतःच्या डब्यातलं वांग्याचं भरीत वाटलं. मासे काढणाऱ्यांच्या जेवणात मासा नाही, हे पाहून आईला मनापासून वाईट वाटलं. ती काहीतरी बोलणार होती. समोर दाजी होते. तिने पुरीचा घास घेतला.

जेवता जेवता दाजींनी तळ्याचा बेत सांगितला. कटला, रोहू, मृगळ तिन्ही एकत्र सोडायचे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरातलं. मृगळ तळाचं. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही.

"तीन भाऊ, एक घर आणि तीन चुली," आई म्हणाली. "आपल्या माणसांना हे जमत नाही बघा." जावयाच्या माशाबद्दल तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं चांगलं वाक्य. दाजींनी दुसऱ्यांदा भाजी घेतली.

खरं म्हणजे आमचं काम तेव्हाच आटोपायला हवं होतं. पण बी उन्हात भरत नाहीत, संध्याकाळी गारव्याला भरतात. आणि पाच वाजता इंजेक्शनं द्यायची होती. 'इंजेक्शन' म्हटल्यावर मुलं घरी जायला तयार होईनात. दुसऱ्या कुणालातरी सुई टोचणार, याचा आनंद लहान वयात फार मोठा असतो.

माशाला इंजेक्शन का, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कटला-रोहू तळ्यात आनंदाने वाढतात, फुगतात, पोटात अंडीही धरतात. पण घालत नाहीत. त्यांना वाहती नदी आणि आलेला पूर लागतो. एकेकाळी मासे पाळायचे तर पावसाळ्यात नदीला कापडी जाळी लावून पिल्लं गाळून घ्यावी लागत. बंगालकडच्या नद्यांतलं बी दूरदूर जाई. त्यात कुठलं पिल्लू रोहूचं आणि कुठलं पुढे रोहूलाच खाणारं, हे दोघंही मोठे झाल्यावर कळे. मग ओडिशातल्या अंगुल इथे 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी दुसऱ्या माशांच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क कार्प माशांना टोचला आणि पुराची वाट न पाहता त्यांनी अंडी घातली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आज आपल्या बाजारात दिसणारा बहुतेक रोहू त्या सुईचा वंशज आहे. आपल्याकडे कुठल्या कुठल्या गोष्टींवर चित्रपट निघतात. एका माणसाने माशाला पूर आल्याचा भास करून दिला, यावर अजून निघाला नाही.

"ग्रंथी म्हणजे कुठे असते ती?" आईने विचारलं.

"डोक्यात. मेंदूच्या खाली. मोहरीएवढी," साहेब म्हणाले. हे केंद्राचे अधिकारी, तरुण, गमबूट घातलेले, नुकतेच आले होते. "पूर्वी त्यासाठी बाजारातून माशांची डोकी गोळा करावी लागायची. आता तयार औषध मिळतं."

"म्हणूनच आम्ही डोकं टाकत नाही," आई म्हणाली. शास्त्राने आपल्या घराण्याच्या चालीरीतीला उशिरा का होईना पाठिंबा दिला, हे समाधान तिच्या चेहऱ्यावर संध्याकाळपर्यंत होतं.

जाळं ओढलं आणि दिवसात पहिल्यांदाच, खराखुरा, हातभर लांबीचा, लालसर कल्ल्यांचा रोहू पाण्याबाहेर आला. मुलं ओरडली. बायको मागे सरकली. आई, जी सकाळपासून मागे होती, ती पुढे आली. तिने माशाच्या अंगावरून नजर फिरवली, डोळे पाहिले, कल्ले पाहिले. मला ती नजर ओळखीची आहे. रत्नागिरीच्या बाजारात त्या नजरेखाली भल्याभल्या कोळिणींनी भाव उतरवले आहेत. तिचा उजवा हात कल्ला उघडायला निघाला होता. वाटेत तिला आठवलं की हा मासा विकायचा नाही, आणि हात पदराकडे वळला.

"नर कोणता, मादी कोणती, सांगा बरं," साहेबांनी मुलांना विचारलं आणि दोघांचीही बोटं माशाच्या पुढच्या परावर ठेवली. एकाचा पर आतून खरखरीत लागत होता, दुसऱ्याचा गुळगुळीत. खरखरीत तो नर. मादीचं पोट मऊ आणि फुगलेलं. मुलगी प्रत्येक माशाचा पर चाचपून निकाल देऊ लागली आणि साहेब "बरोबर" म्हणत गेले. शाळेत तिला एवढे गुण सलग कधी मिळालेले नाहीत. नंतर तिने माझा तळहात चाचपून पाहिला आणि काही बोलली नाही.

मासा कापडाच्या झोळीत घालून तोलला, वजनाप्रमाणे औषध सुईत ओढलं, डोळ्यांवर ओला फडका टाकला, दोन खवल्यांच्या फटीतून सुई आत, आणि मासा हौदात. सगळं मिनिटभरात. एका मादीमागे दोन नर सोडायची पद्धत आहे. आमच्या मुलाने "का?" असं विचारलं. साहेब, मामा, दाजी आणि मी, चौघांनीही एकदम वर पाहिलं आणि पाऊस येणार का याची चर्चा सुरू केली. उत्तर बायकोने दिलं. "एकावर भरवसा ठेवून कुठलं काम होतं का?" ती म्हणाली. साहेबांनी सांगितलं की शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर आहे.

मग बियाची वेळ झाली. दाजींना बोटुकली हवी होती. ती तयार व्हायला अजून दोन महिने होते. साहेबांनी सल्ला दिला की बीच न्या, तळ्यात बारीक जाळीचा पिंजरा बांधून त्यात वाढवा, निम्मं जगेल असं धरून दुप्पट घ्या. तळ्याला हजार पुरतात, म्हणून दोन हजार ठरले. दोन हजार पिल्लं मोजणार कशी, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. मोजत नाहीत, मापतात. चाळणीच्या बुडाची एक वाटी असते. पहिली वाटी भरून त्यातली पिल्लं खरोखर मोजायची, पुढे नुसत्या वाट्या टाकायच्या. शेवटची वाटी पडली तशी आईच्या आतली रत्नागिरी जागी झाली.

"काठोकाठ भरा की हो. आणि वर चार घाला."

मामांनी मुकाट्याने आणखी अर्धी वाटी टाकली. सरकारी कोष्टकात 'वर चार' असा रकाना नाही. पण त्यांच्याही घरी आई असावी. त्या अर्ध्या वाटीत निदान पन्नास जीव होते. जावयासाठी केलेल्या घासाघिशीत आईला मिळालेलं हे आयुष्यातलं सर्वांत मोठं यश.

पिल्लांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं होतं. हे कळल्यावर आई आणि बायको प्रथमच एका बाजूला आल्या. माहेरून निघालेल्या पोरांना उपाशी पाठवतात का? मामांनी समजावलं, पोट भरलेलं असलं की पिशवीतच घाण करतात, पाणी नासतं आणि वाटेत मरतात. बायकोने मुलांकडे पाहिलं. खंबाटकी घाटात दोघांचीही जी ख्याती आहे ती तिला आठवली. "बघा," ती म्हणाली, "प्रवासाला निघताना किती खायचं असतं ते." मत्स्यविज्ञानाचा आमच्या घराला झालेला हा थेट लाभ.

प्लास्टिकच्या पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, त्यात पिल्लं, उरलेल्या जागेत सिलिंडरमधून ऑक्सिजन, वर रबर घट्ट. पिशव्या टम्म फुगल्या. डिकीत हलतील म्हणून प्रत्येकाच्या मांडीवर एक दिली. परतीच्या वाटेवर बायको दर खड्ड्याला "हळू, हळू" म्हणत होती. माझ्या गाडी चालवण्याबद्दल ती असं नेहमीच म्हणते, पण माणसांच्या काळजीने नव्हे हे पहिल्यांदाच उघड झालं. ही तीच बायको, जिचा बांगड्याशी तह आहे. दाजींच्या तळ्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पिशव्या उघडायच्या नव्हत्या. आधी वीस मिनिटं तशाच तळ्यावर तरंगू द्यायच्या, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याची ऊब सारखी होते. वीस मिनिटं सगळे काठावर उकिडवे बसले. मग पिशव्यांची तोंडं सोडली. टॉर्चच्या उजेडात काहीतरी चमकलं आणि गेलं. ज्यासाठी सकाळी निघालो होतो तो मासा मुलांना एकूण तीन सेकंद दिसला.

पुढच्या उन्हाळ्यात दाजींनी रोहू पाठवला. किलोच्या आसपास वजन, चकचकीत, बर्फात घालून. बहिणीने फोनवर दोन-दोनदा विचारलं, आईला कसा वाटला? आईने कोकमाचं आगळ सढळ हाताने घातलं, आलं-लसूण नेहमीपेक्षा जास्त लावलं, डोक्याचं कालवण वेगळं केलं, आणि डोकं स्वतःच्या ताटात घेतलं. "जावईबापूंना सांग," ती म्हणाली, "मसाला छान लागला." आमच्या घरात गोड्या पाण्यातल्या माशाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र आहे, आणि दाजींनी ते माशालाच मिळालं असं धरून यंदा कटला वाढवला आहे.

तुम्हाला जायचं असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी फोन करा, परवानगी घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्येच जा. पायात भिजली तरी चालणारी चप्पल घाला, आणि मुलांना चायनीजबद्दल आधीच स्पष्ट कल्पना द्या. हंगाम संपल्यावर गेलात तर कोरडे गोल हौद आणि भिंतीवरचं दरपत्रक बघून परत यावं लागेल.